ओट्स आणि पीनट बटरची न्याहारी : पहिल्यांदा करताना

ओट्सना पाणी लागतं आणि पीनट बटरला पाणी सोसत नाही. या दोघांना एका वाटीत आणायचं, म्हणून पहिल्या दोन-चार वेळा हमखास काहीतरी बिघडतं. ओट्सची खळ होते, पीनट बटरच्या गुठळ्या तळाशी बसतात, नाहीतर गॅस बंद करताना सगळं ठीक दिसतं आणि दहा मिनिटांत वाटीत चमचा उभा राहतो. कृती अवघड नाही. कुठली गोष्ट कधी आणि किती घालायची, एवढंच नीट कळायला हवं.

आधी पुडा वाचा

‘ओट्स’ म्हणून मिळणारे सगळे पुडे एकसारखे नसतात. ओट्सचा सोललेला अख्खा दाणा वाफवून रुळाखाली चपटा केला की रोल्ड ओट्स होतात. दाण्याचे आधी तुकडे करून ते आणखी पातळ दाबले की क्विक ओट्स. आणि दाणा न दाबता नुसता दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील कट ओट्स. पोह्यांच्या भाषेत सांगायचं तर रोल्ड म्हणजे जाडे पोहे, क्विक म्हणजे पातळ पोहे, आणि स्टील कट हा सरळ दलियाचा भाऊ. जाड्या पोह्यांच्या कृतीत पातळ पोहे घातल्यावर जे होतं, तेच इथेही होतं.

वाण्याकडे नुसतं ‘ओट्स’ किंवा ‘व्हाइट ओट्स’ लिहिलेला जो पुडा असतो तो बहुधा क्विक ओट्सचा असतो. मागच्या बाजूला शिजवायची वेळ बघा. तीन मिनिटं लिहिली असतील तर क्विक, पाच-सात किंवा त्याहून जास्त असतील तर रोल्ड. पुडा फोडलेला असेल तर चिमूटभर तळहातावर घ्या. रोल्डची पाकळी अख्खी, गोलसर आणि जाड असते. क्विकचे तुकडे बारीक असतात आणि तळाशी पीठही बरंच निघतं. पहिल्यांदा करताना रोल्ड घ्या, कारण एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तरी त्यांचा गाळ होत नाही. मसाला ओट्सचा पुडा इथे कामाचा नाही. त्यात मीठ आणि चव आधीच घातलेली असते.

माप एकदाच नक्की करून ठेवा. आपल्या नेहमीच्या स्टीलच्या वाटीत साधारण १५० मिली पाणी मावतं. तेवढ्या वाटीत रोल्ड ओट्स ५० ते ५५ ग्रॅम बसतात, म्हणजे एका माणसाचे ४० ग्रॅम ओट्स पाऊण वाटीच्या आसपास. तुमची वाटी लहान की मोठी हे एकदा पाणी मोजून बघा आणि मग तीच वाटी कायम वापरा. खाली ‘मोठा चमचा’ म्हटलं आहे तो १५ मिलीचा. सपाट भरला तर त्यात साधारण १६ ग्रॅम पीनट बटर येतं. ‘लहान चमचा’ ५ मिलीचा.

पीनट बटरचं गणितही इथेच सांगून टाकलेलं बरं. एका मोठ्या चमच्यात ९५ कॅलरीच्या आसपास आणि जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं असतात. ४० ग्रॅम ओट्समध्ये १५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं. १०० मिली दूध धरलं की गूळ, तूप आणि केळं सोडून वाटी ३०० कॅलरीच्या आसपास जाते आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देते. शीग लावून दोन चमचे घातले की आकडा ४०० च्या पुढे जातो, आणि चवही एकसुरी होते. एकच चमचा, पण नीट मिसळलेला, हे माप बरोबर.

पीनट बटर : विकतचं किंवा घरचं

विकतच्या बरणीवर घटकांची यादी बघा. काही बरण्यांत फक्त भाजलेले शेंगदाणे असतात, काहींत जोडीला साखर, मीठ आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. ते तेल चवीसाठी नसतं. दाण्याचं तेल वर तरंगू नये म्हणून घालतात. अमेरिकेत किमान ९० टक्के शेंगदाणे असल्याशिवाय बरणीवर पीनट बटर असं लिहिताच येत नाही. उरलेल्या दहा टक्क्यांत हीच मंडळी असतात. न्याहारीसाठी बिनसाखरेचं घ्या, म्हणजे गोडाचा अंदाज तुमच्या हातात राहतो आणि तीच बरणी तिखट प्रकारालाही चालते. फक्त दाण्यांच्या बरणीत वर तेल येतं. ते ओतून टाकू नका, नाहीतर खालचा भाग कोरडा आणि कडक होत जातो. बरणी घट्ट बंद करून एक रात्र उलटी ठेवली की सकाळी ढवळायला सोपं जातं.

घरी करायचं तर अर्धं काम मराठी स्वयंपाकघराला ठाऊकच आहे. दाण्याचा कूट आपण करतोच, आणि सोलापुरी शेंगाचटणी उखळात कुटता कुटता तिला तेल सुटतं हेही पाहिलेलं असतं. पीनट बटर म्हणजे तोच प्रवास मिक्सरमध्ये आणखी चार-पाच मिनिटं पुढे नेलेला. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, त्यामुळे वरून घालायची गरज पडत नाही.

२५० ग्रॅम कच्चे दाणे घ्या. बाजारात जाडा, स्पॅनिश, घुंगरू असे प्रकार मिळतात. स्पॅनिश बारीक आणि गोलसर असतो, त्याला तेल लवकर सुटतं. भाजण्याआधी ताटात पसरून निवडा. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा डाग असलेला प्रत्येक दाणा टाकून द्या. बुरशीमुळे दाण्यात तयार होणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. शिवाय एक कडू दाणा अख्ख्या बरणीची चव घालवतो.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, सतत हलवत भाजा. आच मोठी केली की साल काळं पडतं आणि आतला दाणा कच्चाच राहतो. तशा दाण्याला तेल उशिरा सुटतं आणि चव कच्च्या शेंगेची लागते. एक दाणा फोडून बघा. आतली डाळ फिकट बदामी दिसायला हवी. उतरवल्यावरही कढईच्या उष्णतेत दाणे भाजत राहतात, म्हणून लगेच ताटात काढा. कोमट झाले की चोळून सालं काढा आणि सुपात पाखडून घ्या. थोडी सालं राहिली तर बिघडत नाही. फार राहिली तर तुरट लागतं.

दाणे कोमट असतानाच दळा. गार दाण्यांना तेल सुटायला वेळ लागतो. मात्र गरम दाणे भांड्यात भरून झाकण लावलं की वाफ धरते, आणि वाफ म्हणजे पाणीच. २५० ग्रॅमला मिक्सरचं मधलं भांडं योग्य. चटणीच्या भांड्यात करायचं तर एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. भांडं, झाकण आणि पातं हाडासारखं कोरडं हवं. पात्याच्या खाली धुतल्याचं पाणी अडकून राहतं, तिथे फडकं फिरवा.

आता ३० सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा ३० सेकंद. पहिल्या फेरीत कूट होतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कूट ओलसर दिसायला लागतो, कडांना चिकटून बसतो आणि पातं नुसतंच मोकळं फिरतं. नेमकं इथेच बहुतेक जण घाबरून पाणी किंवा दूध घालतात आणि सगळं वाया घालवतात. खरवडत राहा. पुढे त्याचा एक जड गोळा होतो आणि मिक्सरचा आवाज खोल जातो. इथे मोटरला दोन मिनिटं विश्रांती द्या. त्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत गोळा सैल पडतो, चकाकी येते आणि मिश्रण पात्याभोवती वाहायला लागतं. थांबे धरून एकूण ८ ते १० मिनिटं लागतात. भांड्याला हात लावला तर गरम लागेल, ते ठीक आहे. हात ठेववत नसेल किंवा मोटरचा वास आला तर तसंच सोडून दहा मिनिटांनी या. इतकं करूनही सैल होत नसेल तर एक लहान चमचा शेंगदाण्याचं तेल घाला. शेवटी पाव लहान चमचा बारीक, कोरडं मीठ. गूळ किंवा मध इथे घालायचा नाही. दोन्हींत पाणी असतं आणि फिरतं मिश्रण क्षणात आळून बसतं.

कोरड्या काचेच्या बरणीत भरा. बाहेर दोन-तीन आठवडे, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने टिकतं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात फ्रिजच बरा. चमचा नेहमी कोरडा. सादळलेल्या दाण्यांचं केलेलं किंवा उन्हाजवळ ठेवलेलं पीनट बटर लवकर खवट होतं. वास आला की टाकून द्या, गूळ घालून तो झाकला जात नाही.

पातेल्यातले गोड ओट्स

हा मूळ प्रकार. हा जमला की बाकीचे जमतातच. एका माणसासाठी:

रोल्ड ओट्स ४० ग्रॅम
पाणी १५० मिली
दूध १०० मिली, तापवलेलं
पीनट बटर १ मोठा चमचा
गूळ चिरून किंवा पावडर, १ ते २ लहान चमचे
तूप अर्धा लहान चमचा
मीठ चिमूटभर
अर्धं पिकलेलं केळं

१. पातेल्यात तूप घालून ओट्स मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. रवा भाजतो तितका रंग आणायचा नाही, वास सुटला की पुरे. परतल्याने पाकळी सुटी राहते आणि चिकटपणा कमी होतो.

२. पाणी आणि मीठ घाला. पाणी गरम असेल तर उत्तम. उकळी आली की आच मध्यम-मंद करून चार मिनिटं शिजवा, मधूनमधून ढवळा. अखंड ढवळत राहिलात तर पाकळ्या मोडून खळ होते. अजिबात ढवळलं नाही तर तळाला लागतं.

३. दूध घालून आणखी दोन-तीन मिनिटं शिजू द्या. दूध सुरुवातीपासून घातलं तर तळ धरतं आणि उतू जातं. ओट्सचा फेस दुधापेक्षाही लवकर चढतो, त्यामुळे पातेलं निदान तिप्पट मोठं घ्या.

४. मिश्रण पातळ खिरीसारखं सरसरीत असतानाच गॅस बंद करा. ‘अजून जरा आळू दे’ हा मोह टाळा. ते वाटीत आळणारच आहे. झाकण ठेवून दोन मिनिटं थांबा.

५. या दोन मिनिटांत पीनट बटर सैल करून घ्या. कसं ते खाली सांगितलं आहे. ते पातेल्यात घालून हलकेच मिसळा.

६. सगळ्यात शेवटी, वाफ बसल्यावर गूळ. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं, खिरीच्या बाबतीत पाळतो तोच नियम. वर केळ्याच्या चकत्या.

मिठाची चिमूट गाळू नका. स्कॉटलंडमध्ये ओट्सची पॉरिज, म्हणजे लापशी, हा रोजचा पदार्थ आहे. तिथे कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिज करण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि तिच्या पारंपरिक गटात ओट्स, पाणी आणि मीठ इतकंच वापरायची परवानगी आहे. मीठ नसेल तर ओट्स कागदासारखे लागतात, आणि मग माणूस गूळ वाढवत बसतो.

आता पाचव्या पायरीबद्दल, कारण सगळ्या गुठळ्या तिथेच होतात. पीनट बटर म्हणजे दाण्याचे अतिबारीक कण तेलात तरंगत असलेली पेस्ट. तिला थोडंसंच पाणी मिळालं तर ते कण पाणी ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. भरपूर मिळालं तर उलट होतं, सगळं पाण्यात पसरून मऊ सायीसारखं होतं. लहान वाटीत एक मोठा चमचा पीनट बटर घ्या आणि पातेल्यातलंच गरम दूध लहान चमच्याने एकेक करत घाला. पहिल्या चमच्यानंतर ते घट्ट होतं, चकाकी जाते आणि कणकेच्या गोळीसारखं चमच्याला लटकतं. दुसऱ्या चमच्याने फुटीर, रवाळ दिसतं, बिघडलं असं वाटतं. घोटत राहा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला रंग एकदम फिकट होतो आणि चमच्यावरून सलग धार पडते. ही धार ओट्समध्ये घातली की एकही गुठळी राहत नाही. थेट बरणीतला गोळा टाकला तर तो दाट ओट्समध्ये पहिल्याच टप्प्यावर अडकून बसतो, कारण तिथलं पाणी ओट्सनी आधीच पिऊन टाकलेलं असतं. फ्रिजमधली बरणी असेल तर लागेल तेवढं आधी बाहेर काढून ठेवा. गार पीनट बटर आणखी हट्टी असतं.

पीनट बटर आचेवर शिजवायचंही नाही. तळाला बसून ते चटकन करपतं आणि भाजल्या दाण्याचा वास उडून जातो.

क्विक ओट्स वापरत असाल तर पाणी आणि दूध मिळून २०० ते २२० मिली घ्या. पाण्यात दीड-दोन मिनिटं, दूध घालून एक मिनिट. बाकी सगळं तसंच.

खाईपर्यंत घट्ट झाले तर गरम दूध घालून सैल करा, गार दुधाने गुठळ्या होतात. खूप पातळ राहिले तर लगेच परत गॅसवर चढवू नका, झाकून पाच मिनिटं थांबा. बुळबुळीत लागतात ही सगळ्यात मोठी तक्रार. तो बुळबुळीतपणा ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूचा. याच तंतूसाठी ओट्सचं नाव हृदयाच्या आरोग्याशी जोडलं जातं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली तसा दावा पुड्यावर छापायला परवानगी दिली. ४० ग्रॅम ओट्समध्ये तो सुमारे दीड ग्रॅम येतो. म्हणजे तो घालवण्यात शहाणपणा नाही. कमी ढवळणं आणि आधी परतणं यानेच तो तोंडाला सोसेल इतका होतो. पीनट बटर नीट पसरलं असेल तर तो जाणवतही नाही.

रात्री भिजवलेले

सकाळी गॅसजवळ उभं राहायला वेळ नसेल तर हे करा. झाकणाच्या ३०० मिलीच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात आधी १ मोठा चमचा पीनट बटर आणि १०० मिली दूध वरच्यासारखंच थोडं थोडं घालत घोटून घ्या. दूध तापवून निवलेलं, पण फ्रिजमधलं थंडगार नको. मग ३ मोठे चमचे गोड दही, चिमूट मीठ, १ लहान चमचा चिया आणि एक-दोन खजुरांचे बारीक तुकडे. शेवटी ४० ग्रॅम रोल्ड ओट्स. ढवळा, पाच मिनिटांनी तळापासून पुन्हा एकदा ढवळा, झाकण लावून किमान सहा तास फ्रिजमध्ये.

क्रम उलटा केला, म्हणजे ओट्स आधी आणि पीनट बटर वरून, तर सकाळी वर पाणचट आणि खाली सिमेंट मिळतं. क्विक ओट्स इथे चालत नाहीत, त्यांची पेज होते. चियाऐवजी सब्जा घालायचा असेल तर अपेक्षा कमी ठेवा. सब्जाच्या भोवतीचं बुळबुळीत कवच त्याच्याजवळच राहतं, आजूबाजूचं दूध तो चियाइतकं धरून ठेवत नाही. दही आंबट असेल तर सकाळपर्यंत आणखी आंबतं आणि दाण्याची चव दबते.

केळं सकाळीच चिरा. किसलेलं सफरचंदही छान लागतं, आणि तो या प्रकाराचा मूळ सोबती आहे. १९०० च्या सुमाराला झ्युरिकमध्ये डॉक्टर बिर्खर-बेनर आपल्या रुग्णांना जो म्यूस्ली देत, त्यात सफरचंदच मुख्य होतं आणि रात्रभर भिजवलेले ओट्स फक्त चमचाभर.

दोन दिवसांच्या बरण्या एकदम भरून ठेवता येतात. तिसऱ्या दिवशी खाण्यालायक असतं, पण पाकळी राहत नाही. फ्रिजबाहेर रात्रभर ठेवू नका, थंडीतसुद्धा. दूध आणि दही आहे.

तिखटमिठाचे

गोड न्याहारी ज्यांना जात नाही त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर पीनट बटरची चव या प्रकारात सगळ्यात खुलते. दाण्याच्या आमटीची जीभ असलेल्या घरात तर नक्कीच. पीनट बटर बिनसाखरेचंच हवं. गोड बरणी वापरली तर फोडणीशी भांडते.

दोन लहान चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या. लसूण गुलाबी झाला की अर्धा कांदा, मग बारीक चिरलेलं गाजर आणि मूठभर मटार. भाज्या मऊ झाल्यावर हळद आणि ४० ग्रॅम ओट्स, दोन मिनिटं परतायचे. २२० मिली कढत पाणी, मीठ, चार-पाच मिनिटं. पातळ पिठल्याइतपत झालं की गॅस बंद. वाटीत १ मोठा चमचा पीनट बटर, अर्धा लहान चमचा काळा मसाला किंवा लाल तिखट आणि तीन-चार लहान चमचे कढत पाणी घोटून वरून घाला. लिंबू, कोथिंबीर. उपम्यासारखं मोकळं हवं असेल तर पाणी १०० ते १२० मिलीवर आणा आणि पीनट बटर जरा पातळ करून शिंपडल्यासारखं घाला. एका जागी ओतलं तर तेवढाच भाग चिकटतो.

छोटी धिरडी

६० ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये दळून पीठ करा. त्यातच एक पूर्ण पिकलेलं केळं, एक अंडं किंवा ३ मोठे चमचे दही, ८० मिली दूध, १ मोठा चमचा पीनट बटर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूट मीठ घालून पुन्हा फिरवा. इथे पीनट बटर वेगळं सैल करावं लागत नाही, पातं ते काम करतं. पीठ दहा मिनिटं ठेवलं की आळतं. डोशाच्या पिठापेक्षा दाट पण चमच्यावरून पडेल इतकं हवं, नाहीतर चमचाभर दूध.

तवा मंद आचेवर. धिरडं तळहाताएवढंच घाला. गव्हाच्या पिठाला जी ओढ असते ती ओट्सला नाही, त्यामुळे मोठं घातलेलं धिरडं उलटताना हमखास तुटतं. झाकण ठेवून दोन मिनिटं, वरची बाजू कोरडी दिसली की उलटा, आणखी एक-दोन मिनिटं. केळ्यातल्या साखरेमुळे रंग फार लवकर येतो. आच मोठी असेल तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहतात. एवढ्या पिठात पाच-सहा होतात.

स्टील कट ओट्सबद्दल थोडक्यात. रात्री भिजवा, सकाळी चौपट पाण्यात मंद आचेवर २० मिनिटं शिजवा, दूध आणि पीनट बटर शेवटी. थेट कुकरच्या तळात शिजवू नका. फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. कुकरमध्ये पाणी घालून आत डब्यात ठेवा, डबा निम्म्यापेक्षा कमी भरा.

कोणाला वाढताय ते बघा

शेंगदाण्याची ॲलर्जी थोडक्या अंशानेही गंभीर होऊ शकते. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा. लहान मुलांना अख्खे दाणे किंवा चमच्यावरचा पीनट बटरचा घट्ट गोळा देऊ नका, घशात अडकतो. सैल करून ओट्समध्ये मिसळलेलंच द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार, असलेल्यांनी ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलेच ओट्स घ्यावेत, कारण साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत असतात. मूळ दाण्यात गव्हाचं ग्लुटेन नसलं तरी पुड्यात गहू येतोच. आणि अशा ग्लुटेनमुक्त ओट्सचाही त्रास होतो का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डब्यात नेण्याचे लाडू

आतापर्यंत टाळत आलो तो पीनट बटरचा दोष इथे कामाला येतो. १०० ग्रॅम ओट्स कोरडेच मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कुरकुरीत भाजा, गार करा, मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवून भरड करा. १२० ग्रॅम पीनट बटर, चिमूट मीठ आणि हवी तर वेलची त्यात मिसळा. आता ६० ग्रॅम मध थोडा थोडा घाला. मधातलं पाणी लागताच पीनट बटर आळायला लागतं, आणि तेच लाडू बांधतं. मूठ दाबल्यावर बोटांचे ठसे उमटले आणि तळहात तेलकट झाला, पण काही चिकटलं नाही, की वळायला घ्या. २० ग्रॅमचे चौदा होतात.

मधाऐवजी ७० ग्रॅम मऊ खजूर वाटून घातला तरी चालतो. गूळ पावडर मात्र बांधत नाही, लाडू वळला जातो पण डब्यात फुटतो. मिश्रण भुरभुरलं तर मध न वाढवता आधी चमचाभर पीनट बटर घाला. फार मऊ झालं तर आणखी ओट्स ओतायची घाई नको, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग वळा. ओट्स गरम असताना मिसळले असतील तर लाडवांना तेल सुटतं आणि ते संध्याकाळपर्यंत चपटे होतात. हवाबंद डब्यात बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे. सकाळी दोन लाडू आणि कपभर दूध.